स्विचिंग पॉवर सप्लायचा नॉइज: सेन्सरचं रीडिंग का नाचतं आणि पीसीबी आखतानाच ते कसं थांबवायचं

मोबाईल चार्जिंगला लावला आणि टच वेड्यासारखा वागायला लागला, असं तुमच्यासोबत कधी ना कधी झालंच असेल. बोट एकीकडे, टच दुसरीकडे. मेसेज टाइप करताना एका अक्षराऐवजी तीन उमटतात, रील आपोआप वर सरकते. चार्जर काढला की फोन लगेच शहाणा होतो. आपण म्हणतो डिस्प्ले गेला. खरं तर बऱ्याच वेळा डिस्प्ले धडधाकट असतो. गडबड असते चार्जरमधून फोनमध्ये शिरणाऱ्या विजेच्या नॉइजची.

हीच भानगड थोड्या वेगळ्या रूपात जवळपास प्रत्येक इलेक्ट्रॉनिक बोर्डवर असते. हा नॉइज तयार कुठे होतो, सेन्सरच्या रीडिंगपर्यंत कसा पोचतो आणि पीसीबी आखतानाच तो कसा आवरायचा, हे या लेखात बघूया. उदाहरण आपल्या खान्देशातलं घेऊ: केळीच्या बागेत ठिबकमधून खत सोडणारा कंट्रोलर. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला असाल, किंवा घरी ईएसपी३२ वर काहीतरी जोडत बसत असाल, तर हे थेट कामाचं आहे. नसाल, तर निदान चार्जर विकत घेताना उपयोगी पडेल.

स्विचिंग सप्लाय म्हणजे नेमकं काय?

समजा १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ५ व्होल्ट हवेत. जुना मार्ग म्हणजे ७८०५ सारखा लिनिअर रेग्युलेटर. तो उरलेले ७ व्होल्ट स्वतःवर घेतो आणि उष्णता करून टाकतो. १ अँपिअर करंट असेल तर ५ वॅट कामाला येतात आणि ७ वॅट नुसते तापण्यात जातात. हीट सिंक लावूनही हात लावता येत नाही.

स्विचिंग सप्लायचा खेळ वेगळा आहे. तो १२ व्होल्टची लाइन पूर्ण चालू करतो, पूर्ण बंद करतो, परत चालू करतो. बाजारात सगळीकडे मिळणारी एलएम२५९६ ही चिप हे काम १५० किलोहर्ट्झला करते, म्हणजे सेकंदाला दीड लाख वेळा. पुढे एक कॉइल आणि एक कपॅसिटर असतो. ते या चालू-बंदची सरासरी काढून सरळ ५ व्होल्ट देतात. यात साधारण ८० टक्के ऊर्जा कामाला येते, नव्या चिप्समध्ये त्याहून जास्त. मोबाईलचा चार्जरही याच तत्त्वावर चालतो, फक्त तो घरातल्या २३० व्होल्ट एसीचे आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि मग ते चालू-बंद करत ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवतो. तुमच्या फोनच्या आतही असे अनेक छोटे कन्व्हर्टर असतात. ते तर मेगाहर्ट्झमध्ये चालतात, कारण वारंवारता वाढवली की कॉइल लहान करता येते.

फायद्यासोबत किंमतही येते. करंट आणि व्होल्टेज काही नॅनोसेकंदांत इकडून तिकडे उडी मारतात, आणि प्रत्येक उडीसोबत आसपासच्या तारांमध्ये थोडी खळबळ माजते. तोच नॉइज. ज्या बोर्डवर फक्त शून्य आणि एक चालतात, तिथे हे सहसा खपून जातं. ज्या बोर्डवर एका बाजूला डिजिटल प्रोसेसर आणि दुसऱ्या बाजूला मिलिव्होल्टमध्ये बोलणारा सेन्सर असतो, तिथे खपत नाही. अशा बोर्डला मिक्स्ड-सिग्नल बोर्ड म्हणतात. फोनचा टच हेही त्यातलंच एक उदाहरण: बोटामुळे कपॅसिटन्समध्ये पडणारा अगदी बारीक फरक तो मोजत असतो.

केळीच्या बागेतला कंट्रोलर

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा सगळा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. ठिबकचं म्हणाल तर जैन इरिगेशन जळगावचीच. त्यामुळे ठिबकमधून विद्राव्य खत सोडणं, ज्याला फर्टिगेशन म्हणतात, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. लॅटरलमध्ये क्षार साचले की ॲसिड ट्रीटमेंट करायची, हेही ठाऊक असतं.

आता यात ऑटोमेशन आलं. पाण्याचा पीएच मोजायचा आणि तो ठरलेल्या पातळीवर राहील इतकंच ॲसिड पंपाने सोडायचं. असा एक बोर्ड डोळ्यांसमोर ठेवू. सोलर पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी, त्यावर एलएम२५९६, त्यातून ५ व्होल्ट, पुढे ३.३ व्होल्टवर ईएसपी३२. एका कोपऱ्यात पीएच प्रोबचं कनेक्टर, दुसऱ्या कोपऱ्यात व्हॉल्व्ह आणि ॲसिड पंपाचे रिले.

पीएचची काचेची प्रोब २५ अंश सेल्सिअसला एका पीएचमागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट देते. म्हणजे रीडिंगमध्ये ३० मिलिव्होल्टची चूक शिरली तर पीएच अर्ध्याने चुकला. खरा पीएच ६.२ असताना बोर्डला ६.७ दिसतो, आणि बोर्ड इमानदारीने जास्तीचं ॲसिड सोडत राहतो. फोनवर ॲपमध्ये आकडा छान हिरवा दिसतो, मुळांपाशी मात्र काय चाललंय ते झाडालाच माहीत.

आता सप्लायकडे बघा. १२ चे ५ व्होल्ट करताना, ३३ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १५० किलोहर्ट्झ धरले तर कॉइलमधला करंट प्रत्येक चक्रात सुमारे ०.६ अँपिअरने वर-खाली होतो. हा चढउतार आउटपुट कपॅसिटरने गिळायचा असतो. पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला आतून स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असतो, त्याला ईएसआर म्हणतात. तो ०.१ ओहम धरला तर ०.६ गुणिले ०.१, म्हणजे ६० मिलिव्होल्टचा रिपल. एका पूर्ण पीएचएवढा! अर्थात सप्लायवरचा रिपल जसाच्या तसा सेन्सरच्या सिग्नलमध्ये उतरत नाही, मधले भाग त्यातला बराच अडवतात. पण आपण किती मोठ्या गोष्टीच्या शेजारी किती छोटी गोष्ट मोजतोय, याचा अंदाज यावरून येतो.

एक सावधगिरी. स्वस्त मॉड्यूलवर छापलेलं नाव एक आणि आतली चिप दुसरीच, असं बाजारात होतं. १५० ऐवजी ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालणारी चिप आली तर तोच रिपल करंट तिप्पट होतो. मॉड्यूल 'चालतं', व्होल्टमीटर ५.० दाखवतो, आणि आपण प्रोबला शिव्या घालतो.

खरा गुन्हेगार: गरम लूप

रिपल हा नॉइजचा सभ्य भाग. तो संथ असतो, फिल्टरने जातो. त्रास देतात त्या टोकदार सुया, ज्या प्रत्येक वेळी स्विच चालू किंवा बंद होताना उठतात. आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. लोक आउटपुटला कपॅसिटरवर कपॅसिटर लावत जातात, पण सुया जन्मतात इनपुटच्या बाजूला.

बक कन्व्हर्टरमध्ये करंटच्या दोन वाटा असतात. स्विच चालू असताना करंट इनपुट कपॅसिटरमधून स्विचमार्गे कॉइलमध्ये जातो. स्विच बंद झाला की तोच करंट डायोडमधून फिरतो. कॉइलमधला करंट दोन्ही वेळा वाहतच राहतो, त्याला झटका बसत नाही. झटका बसतो तो इनपुट कपॅसिटर, स्विच आणि डायोड या तिघांच्या वर्तुळाला. तिथे करंट क्षणात शून्य ते पूर्ण आणि पूर्ण ते शून्य होतो. या वर्तुळाला डिझायनर लोक हॉट लूप म्हणतात.

पीसीबीवरच्या ट्रॅकचं इंडक्टन्स ढोबळमानाने एका मिलिमीटरला १ नॅनोहेन्री धरतात. समजा इनपुट कपॅसिटर चिपपासून २ सेंटीमीटर लांब बसवला. झाले २० नॅनोहेन्री. १ अँपिअरचा करंट २० नॅनोसेकंदांत बदलला की त्या ट्रॅकवर १ व्होल्टची सुई उठते. मिलिव्होल्ट नाही, पूर्ण व्होल्ट. तोच कपॅसिटर ३ मिलिमीटरवर आणला तर सुई ०.१५ व्होल्टवर येते. एकही जादा पार्ट नाही, एक रुपयाही खर्च नाही, फक्त जागा बदलली. शिवाय हा लूप जितका मोठा, तितका तो अँटेनासारखा आसपास चुंबकीय क्षेत्र फेकतो. क्षेत्रफळ अर्धं केलं की फेकणंही साधारण अर्धं.

म्हणून बोर्ड आखायला बसलात की पहिला पार्ट प्रोसेसर ठेवू नका. आधी कन्व्हर्टर चिप, डायोड आणि इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर एकमेकांना खेटून बसवा, ट्रॅक छोटे आणि रुंद ठेवा, मग बाकीचं जग त्याभोवती मांडा. मोठा इलेक्ट्रोलिटिक थोडा लांब गेला तरी चालेल, पण एक सिरॅमिक अगदी पिनांना चिकटून हवाच. डेटाशीटमध्ये कंपनीने लेआउटचं चित्र दिलेलं असतं. बरेच जण ते पान पुढे सरकवतात. माझ्या मते सगळ्या डेटाशीटमधलं सर्वांत मोलाचं पान तेच.

दुसरी जागा म्हणजे स्विच आणि कॉइल यांना जोडणारा तांब्याचा तुकडा, म्हणजे स्विच नोड. हा सेकंदाला दीड लाख वेळा ० आणि १२ व्होल्टमध्ये उड्या मारतो. तो करंट वाहण्यापुरता रुंद ठेवा, पण उगाच मोठा पसरवू नका. मोठा स्विच नोड म्हणजे विद्युत क्षेत्र फेकणारी पाटीच. त्याच्या खालून किंवा शेजारून सेन्सरचा ट्रॅक कधीच नेऊ नका. फीडबॅकचा ट्रॅकही कॉइलपासून लांबून आणा, नाहीतर कन्व्हर्टर स्वतःच्याच नॉइजवर नाचायला लागतो. कॉइल घेताना उघड्या ड्रमसारखी न घेता बंद, शिल्ड असलेली घ्या. थोडी महाग पडते, पण पैसे वसूल.

ग्राउंड तोडायचा की जोडायचा?

यावर हॉस्टेलमध्ये रात्रभर वाद होऊ शकतो. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की ॲनालॉग ग्राउंड वेगळा, डिजिटल ग्राउंड वेगळा, आणि दोघांची गाठ एकाच बिंदूवर. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात विद्यार्थ्यांच्या बोर्डवर यानेच जास्त घोळ होतो.

कारण असं. प्रत्येक सिग्नल जातो तसा परतही येतो, आणि वारंवारता जास्त असेल तर परतीचा करंट बरोबर त्या ट्रॅकच्या खालून, ग्राउंड प्लेनमधून यायला बघतो. तुम्ही खाली ग्राउंड कापून ठेवला आणि वरून एखादा ट्रॅक त्या फटीवरून नेला, की परतीच्या करंटला लांबचा वळसा पडतो. वळसा म्हणजे मोठा लूप, आणि मोठा लूप काय करतो ते वर बघितलंच.

साध्या बोर्डसाठी चांगला नियम: ग्राउंड एकच आणि अखंड ठेवा, पण पार्टची वस्ती वेगवेगळी करा. पॉवरचं सगळं एका टोकाला, सेन्सर दुसऱ्या टोकाला, मध्ये डिजिटल. बॅटरीचा करंट आणि रिलेचा करंट परत जाताना सेन्सरच्या इलाख्यातून जाणार नाही, असे कनेक्टर मांडा. एडीसीला ॲनालॉग आणि डिजिटल ग्राउंडच्या दोन पिना असतील तर दोन्ही तिथेच, चिपखालच्या एकाच प्लेनला जोडा. दोन लेयरचा बोर्ड असेल तर खालची बाजू शक्यतो पूर्ण ग्राउंडला सोडा आणि तिथे ट्रॅक टाकायचा मोह टाळा. चार लेयर परवडत असतील तर दुसरा लेयर पूर्ण ग्राउंड, मग अर्धी काळजी मिटली.

पीएच प्रोबचं अजून एक नखरेल प्रकरण आहे. तिचा स्वतःचा रेझिस्टन्स दहा कोटी ओहमच्या घरात असतो. इतक्या अशक्त सिग्नलला हवेतून आलेला जरासा धक्काही पुरतो. त्यामुळे प्रोबच्या कनेक्टरला लागूनच उच्च इनपुट रेझिस्टन्सचा ऑप-अँप बसवा, म्हणजे सिग्नल लगेच दणकट होतो. इनपुटच्या ट्रॅकभोवती गार्ड रिंग द्या, म्हणजे त्याच व्होल्टेजवर ठेवलेलं तांब्याचं कडं. सोल्डरिंगचा फ्लक्स आयसोप्रोपाइल अल्कोहोलने नीट धुवा. पावसाळ्यात याचं महत्त्व आपोआप कळतं.

फिल्टर: कुठे, किती आणि का फसतो

उगमाशी काम झालं की मग फिल्टर. १० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १०० मायक्रोफॅरड कपॅसिटर लावला तर हा फिल्टर साधारण ५ किलोहर्ट्झपासून अडवायला लागतो. १५० किलोहर्ट्झ त्याच्या ३० पट, म्हणून कागदावर नॉइज ९०० पट कमी व्हायला हवा. होत नाही, कारण कपॅसिटरचा ईएसआर मध्ये येतो. म्हणून इलेक्ट्रोलिटिकसोबत सिरॅमिकही लावतात.

बरेच जण कॉइलऐवजी फेराइट बीड लावतात. बीड उत्तम, पण दोन गोष्टी बघा. एक, तिच्यातून बराच करंट गेला की तिची अडवण्याची ताकद झपाट्याने घटते. दोन, बीड आणि सिरॅमिक कपॅसिटर मिळून कधी कधी स्वतःच एका वारंवारतेला घुमायला लागतात, म्हणजे नॉइज कमी व्हायच्या ऐवजी तिथे वाढतो. सोबत ईएसआर असलेला एखादा कपॅसिटर ठेवला की ते घुमणं शांत होतं. तोच ईएसआर जो वर खलनायक होता.

'मी पुढे लिनिअर रेग्युलेटर लावलाय, मग रिपल कसा येईल?' हा नेहमीचा प्रश्न. १११७ सारखा रेग्युलेटर १२० हर्ट्झचा रिपल ६०-७० डेसिबलने, म्हणजे हजार किंवा त्याहून जास्त पट दाबतो. पण डेटाशीटमधला तो ठळक आकडा १२० हर्ट्झचा असतो. वारंवारता शंभर किलोहर्ट्झपुढे गेली की ही ताकद बरीच खाली येते, आणि टोकदार सुया तर जवळपास सरळ आरपार जातात. तरीही बक कन्व्हर्टरने १२ चे ५ करायचे, मध्ये छोटा एलसी फिल्टर, मग फक्त सेन्सर आणि ऑप-अँपसाठी कमी नॉइजचा वेगळा लिनिअर रेग्युलेटर, ही जोडी सर्वांत व्यवहार्य आहे. सेन्सरचा भाग २० मिलिअँपिअर घेत असेल तर १.७ व्होल्ट उतरवताना फक्त ३४ मिलिवॅट वाया जातात. इतकं परवडतं.

नॉइज वेष बदलून येतो

कोडमध्ये शंभर रीडिंगची सरासरी काढली की नॉइज जातो, असं आपल्याला वाटतं. नेहमी जात नाही.

समजा एडीसी सेकंदाला बरोबर १००० वेळा मोजतो आणि कन्व्हर्टर १,५०,००१ हर्ट्झला चालतो. दोन मोजमापांच्या मध्ये कन्व्हर्टरची १५० चक्रं आणि वर अगदी किंचित जास्त होतं. दर वेळी आपण लाटेवरचा थोडासा पुढचा बिंदू पकडतो. परिणाम काय? दीड लाख हर्ट्झचा नॉइज रीडिंगमध्ये १ हर्ट्झची हळूवार लाट होऊन दिसतो. पंख्याची पाती व्हिडिओत संथ फिरताना दिसतात ना, तसंच. याला एलियासिंग म्हणतात. कन्व्हर्टरची वारंवारता तापमानाने सरकत असते, त्यामुळे ही लाट कधी जलद, कधी इतकी संथ की पीएच खरंच बदलतोय असं वाटावं. सकाळी रीडिंग स्थिर आणि दुपारी डुलतं, याचं हेही एक कारण असू शकतं.

याला इलाज सॉफ्टवेअरचा नाही. मोजण्याच्या आधीच, एडीसीच्या पिनेला खेटून, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. १ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड घेतले तर १.६ किलोहर्ट्झच्या वरचं अडायला लागतं आणि १५० किलोहर्ट्झचं सुमारे ९४ पट कमी होतं. पीएच काही मिलिसेकंदात बदलत नाही, त्यामुळे मोठा कपॅसिटरही चालेल. दुसरी बाब, जोराचा उच्च वारंवारतेचा नॉइज ऑप-अँपच्या इनपुटला पोचला तर ऑप-अँप त्याचं रेक्टिफिकेशन करतो, आणि मग सरळ, स्थिर चूक दिसते. ती कितीही सरासरीने निघत नाही. म्हणून एक छोटा आरसी ऑप-अँपच्या इनपुटलाही ठेवतात.

ईएसपी३२ चा आतला १२ बिटचा एडीसी ३.३ व्होल्टवर एका पायरीला ०.८ मिलिव्होल्ट दाखवतो, पण तो स्वतःच फारसा स्थिर नाही. एडीएस१११५ सारखा बाहेरचा १६ बिटचा एडीसी घ्या. वाय-फाय चालू होताना करंट एकदम काहीशे मिलिअँपिअरने उडी मारतो, तेव्हा आधी रीडिंग घ्या, मग रेडिओ चालू करा. आणि घरच्या लाइनचा ५० हर्ट्झचा घूं काढायचा असेल तर सरासरी २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत घ्या, जसं १०० मिलिसेकंद.

मे महिन्यात वेगळंच गणित

खान्देशातला उन्हाळा हा डेटाशीटमध्ये नसलेला पार्ट आहे. भुसावळ, जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उन्हात टांगलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात आत ६५ ते ७५ अंश सहज होतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. १०५ अंशाला २००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशाला ३२,००० तास चालेल, म्हणजे साडेतीन वर्षांच्या वर. ७५ अंशाला फक्त १६,००० तास, म्हणजे दोन वर्षंही नाही. आणि तो एकदम मरत नाही. आतला द्रव हळूहळू वाळतो, ईएसआर वाढत जातो, रिपल वाढत जातो. पहिल्या वर्षी अचूक असलेला कंट्रोलर तिसऱ्या वर्षी थापा मारायला लागतो, आणि प्रोब बदलून काही फरक पडत नाही.

म्हणून डबा सावलीत लावा, फिकट रंगाचा घ्या, कपॅसिटर १०५ अंशाचा आणि जास्त तासांचा घ्या. सिरॅमिक उष्णतेला टिकतो, पण त्याचीही एक खोड आहे: रेटिंगच्या जवळ व्होल्टेज दिलं की त्याची क्षमता बरीच घटते. ५ व्होल्टच्या लाइनवर ६.३ व्होल्टचा नको, १६ किंवा २५ व्होल्टचा लावा.

बाहेरून येणारा नॉइजही असतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तिथले इन्व्हर्टर असोत की तुमच्या विहिरीवरचा सौर पंपाचा कंट्रोलर असो, दोन्ही स्विचिंगवरच चालतात. पंपाची मोठी केबल आणि प्रोबची बारीक केबल एकाच पाइपातून कधीच नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

मोजायचं कसं?

जळगाव, धुळे, शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप असतोच. प्रोबची ती मगरीच्या तोंडासारखी क्लिप असलेली लांब ग्राउंड वायर काढून टाका, कारण ती स्वतः एक लूप आहे. सोबत मिळणारी छोटी स्प्रिंग वापरा. खात्री करायची असेल तर प्रोबचं टोक आणि ग्राउंड एकाच ग्राउंड बिंदूला लावा. तरीही सुया दिसल्या तर त्या बोर्डच्या सप्लायवरच्या नाहीत, प्रोबने हवेतून उचललेल्या आहेत.

ऑसिलोस्कोप नसेल तर घरातला जुना ट्रान्झिस्टर शोधा. आकाशवाणी जळगाव खान्देशाने वर्षानुवर्षे मीडियम वेव्हवर ९६३ किलोहर्ट्झला ऐकली. एलएम२५९६ ची वारंवारता नेमकी १५० नसते, डेटाशीटप्रमाणे १२७ ते १७३ मध्ये कुठेही असू शकते. ती १६०.५ असेल तर तिची सहावी पट बरोबर ९६३! मग स्टेशनच्या जागी शिट्टी किंवा घरघर ऐकू येते. हा ट्रान्झिस्टर बोर्डजवळ धरून हळूहळू फिरवा. जिथे घरघर सर्वांत मोठी, तिथे बहुधा कॉइल किंवा हॉट लूप. स्वस्त एलईडी बल्ब आणि चार्जर यांच्यावरही हा प्रयोग करून बघा, घरातले कोणते नग वाईट ते लगेच कळेल.

आणि पाच मिनिटांची सर्वांत खात्रीची चाचणी: कन्व्हर्टर काढून ठेवा आणि ५ व्होल्टच्या लाइनवर तीन नवे एए सेल जोडा. वाय-फाय बंद ठेवून फक्त रीडिंग बघा. आकडा स्थिर झाला तर दोष सप्लायचा. तरीही नाचला तर प्रोब, केबल किंवा ऑप-अँपकडे वळा.

मग चार्जरचं काय?

चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंमध्ये थोडा नकोसा कपॅसिटन्स असतोच. ३२५ व्होल्टच्या उड्यांचा नॉइज त्यातून पलीकडे फोनच्या बाजूला जातो. चांगल्या चार्जरमध्ये त्याला परत आपल्या घरी पाठवायला वाय-कपॅसिटर नावाचा खास सुरक्षित कपॅसिटर आणि नीट गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असतो. स्वस्त चार्जरमध्ये यातलं काही गाळलं जातं. मग तो नॉइज वाट शोधत फोनमधून, तुमच्या बोटातून, जमिनीकडे जातो, आणि टच गोंधळतो. धातूच्या बॉडीच्या फोनला चार्जिंगवर हात लावला की येणाऱ्या हलक्या झिणझिण्या मात्र बहुधा त्याच वाय-कपॅसिटरमधून येणाऱ्या अत्यल्प करंटच्या असतात. चांगल्या चार्जरमध्ये तो सुरक्षित मर्यादेत ठेवलेला असतो.

चार्जर घेताना बीआयएसचा मार्क बघाच. बऱ्याच चार्जरवर आयएस १३२५२ लिहिलेलं दिसतं. पण ते सुरक्षेचं मानक आहे, नॉइजचं नाही.

बोर्ड आधीच बनून आला असेल तर?

सगळं परत आखायची गरज नसते. कन्व्हर्टरच्या इनपुट पिनांवर थेट १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक सोल्डर करा. एडीसीच्या पिनेला आरसी लावा. तयार मॉड्यूल असेल तर ते सेन्सरपासून १०-१५ सेंटीमीटर लांब न्या आणि त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन आणा, म्हणजे जाणारा आणि येणारा करंट जवळजवळ राहतो. कॉइल उघडी असेल तर मॉड्यूल ९० अंशात फिरवून बघा. कधी कधी एवढ्यानेच रीडिंग शांत होतं. कन्व्हर्टर हलक्या लोडवर सूं आवाज करत असेल, तर तो चक्रं गाळत चालतोय आणि त्याचा नॉइज खाली ऐकू येण्याच्या पट्ट्यात उतरलाय. तिथे आरसी फिल्टर कमी पडतो. आउटपुटला एखादा रेझिस्टर लावून थोडा कायमचा लोड द्या. त्यात बॅटरी किती जाते ते मात्र आधी मोजा, कारण पावसाळ्यात चार दिवस ढग राहिले तर पॅनल तेवढी भरून काढेलच असं नाही.